वायसरचा गुडघा

निवृत्ती दोंद्यांना एखादी गोष्ट माहीत नाही, असं अंबडच्या कारखान्यात चौतीस वर्षांत कधी झालं नाही. म्हणजे माहीत नसायची, पण ते तसं कबूल करायचे नाहीत. मेंटेनन्सचा फिटर असाच असावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. बंद मशीनसमोर फिटर डोकं खाजवायला लागला की सुपरवायझरचा धीर सुटतो आणि ऑपरेटर चहाला पळतो. म्हणून आधी पाना हातात घ्यायचा, चेहरा शहाण्यासारखा करायचा, आणि मग काय बिघडलंय ते बघायचं. कारखान्यात हे खपून गेलं, कारण माणसाच्या हातात कसब खरंच होतं. पण तोच चेहरा घेऊन ते संध्याकाळी घरी यायचे, आणि घरी मालनबाई त्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायच्या.

त्यांचा एक ठरलेला मंत्र होता. मशीन चालतं ठेवा. थांबलं की गंजतं. माणूस, स्कूटर, पाण्याची मोटार, सगळ्यांना हेच औषध. रिटायर झाल्यावरही दोंदे थांबले नाहीत. रोज पहाटे पाथर्डी फाट्याजवळच्या आपल्या घरातून निघायचे, त्रिरश्मीच्या पायऱ्या चढायचे आणि वरच्या फाटकाला हात लावून परत यायचे. लोक त्या डोंगराला पांडवलेणी म्हणतात, दोंद्यांच्या घरात त्रिरश्मीच म्हणतात. सोबतीला कुत्रा असायचा, वायसर.

वायसर आणला मुलीने, संजनाने. लॅब्राडोर म्हणावं तर शेपूट गावठी, गावठी म्हणावं तर अंगापिंडाने लॅब्राडोर. सगळा काळा, फक्त मानेभोवती पांढरं गोल कडं. निवृत्ती बघताक्षणी म्हणाले, "हा तर वायसर घालूनच आलाय." नटाखाली घालतात ती गोल चकती, तो वायसर. संजनाला ब्रूनो नाव ठेवायचं होतं. तिने चार दिवस तोंड फुगवलं, मग तीही वायसरच म्हणायला लागली, आणि वर्षभरात नोकरीसाठी पुण्याला निघून गेली. मागे राहिले हे तिघं. मालनबाईंनी त्याला दूधभाकरीवर असा काही पोसला की कॉलनीतली मुलं त्याला रेडा म्हणायची.

मालनबाई मात्र त्रिरश्मीला यायच्या नाहीत. त्यांचा उजवा गुडघा. घरातलं एखादं खोडकर माणूस असावं तसं सगळे त्याच्याविषयी बोलायचे. आज मालनबाईंच्या गुडघ्याने त्रास दिला, आज जरा बरा वागला. बुद्ध पौर्णिमेला सगळी कॉलनी पांढऱ्या कपड्यांत डोंगर चढायची, आणि मालनबाई पायथ्याच्या विहारात वंदना करून तिथल्याच कट्ट्यावर पिशव्या सांभाळत बसायच्या. "जा तुम्ही, मी आहे इथं," म्हणायच्या, आणि वर चढणाऱ्यांना हात करायच्या. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

जानेवारीत वायसरने मांजरामागे कंपाउंडच्या भिंतीवरून उडी मारली, आणि खाली पडल्यावर एकदाच असा काही ओरडला की मालनबाई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या. मागचा डावा पाय त्याने वर धरला होता. निवृत्तींनी पाय चाचपला, चेहरा शहाण्यासारखा केला आणि निकाल दिला, "मुरगळलाय. बसू द्यायचं नाही त्याला. चालता ठेवला की आपोआप सुटेल."

तीन आठवडे त्यांनी त्याला चालवला. पट्टा धरून, चुचकारून, कधी ओढून. तिळाच्या तेलाने मालिश केली. कुत्रं बिचारं मालकाचं मन मोडू नये म्हणून तीन पायांवर उड्या मारत मागे यायचं. शेवटी मालनबाईंनी नवऱ्याला न विचारता संजनाला फोन लावला. संजना वडिलांना एवढंच म्हणाली, "पप्पा, उद्या गंगापूर रोडला डॉक्टरकडे न्या त्याला. मी वेळ घेतलीय. तुमचा तो मंत्र पुरे आता." निवृत्तींना राग आला. पण नेला.

डॉक्टर मोहिनी पस्तिशीच्या, बारीक चणीच्या होत्या. एवढं धूड त्यांनी सहाय्यकाकडून टेबलावर कुशीवर निजवलं, आणि त्याचा गुडघा दोन्ही हातांत धरला. एका हाताने मांडीचं हाड घट्ट, दुसऱ्या हाताने नडगी. नडगी हळूच पुढे ढकलली, तर ती पुढे सरकली.

"हे बघा काका, हे असं सरकायला नको."

"प्ले आलाय," निवृत्ती म्हणाले. मशीनचा भाग ढिला होऊन हलायला लागला की कारखान्यात हाच शब्द.

"अगदी बरोबर," डॉक्टर हसल्या. "गुडघ्याच्या आत दोन दोऱ्या असतात, एकमेकींवर फुली मारल्यासारख्या. त्यातली पुढची तुटलीय. कुत्र्याच्या नडगीचा माथा मुळात उतरता असतो. दोरी नसली की पाय टेकवला रे टेकवला, वरचं हाड त्या उतारावरून घसरतं. म्हणून आपण तो उतारच मोडायचा. नडगीचा माथा अर्धगोल कापून थोडा फिरवायचा, सपाट करायचा, आणि प्लेट लावून स्क्रू कसायचे."

"म्हणजे लेव्हल करायचं," निवृत्ती एकदम खुलले. आपली भाषा बोलणारं माणूस भेटलं होतं. त्यांनी प्लेट हातात घेऊन बघितली, स्क्रू केवढ्याचा विचारला, साडेतीन एमएम ऐकून मान डोलावली.

"एक मात्र चुकलं," डॉक्टर म्हणाल्या. "तीन आठवडे चालवायला नको होतं. आतली गादीपण चिरडलीय बहुतेक."

निवृत्तींनी प्लेट टेबलावर ठेवली. तेवढ्यात बाकावरून मालनबाईंनी विचारलं, "मॅडम, माणसालाही होतं का हो हे?"

"होतं की. कबड्डी खेळणाऱ्यांना होतं, पायऱ्या उतरताना पाय वाकडा पडला तरी होतं."

"आवाज येतो? कट्ट असा?"

"पुष्कळांना येतो. मग गुडघा सुजतो. पंधरा-वीस दिवसांत सूज ओसरते, वाटतं झालं बरं. मग कधीतरी जिना उतरताना पाय अचानक दगा देतो. तसंच रेटत राहिलं तर काही वर्षांनी सांधाच झिजतो." डॉक्टरांनी बाकाकडे वळून पाहिलं. "का हो मावशी, तुम्हाला काही त्रास आहे?"

"छे, आमचं आपलं वयाचं," मालनबाई म्हणाल्या आणि वायसरच्या डोक्यावरून हात फिरवायला लागल्या.

निवृत्ती भिंतीवरचं मांजराचं कॅलेंडर बघत उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आणि डॉक्टरांनी गुडघा ज्या तऱ्हेने धरला, एक हात वर, एक खाली, आणि हलकेच पुढे ढकलला, ती तऱ्हा त्यांनी पूर्वी एकदा पाहिली होती. कुठे पाहिली, तेही त्यांना चांगलं आठवत होतं. विसरायला त्यांनी अकरा वर्षं बरीच मेहनत घेतली होती, पण मुळात विसरलेलं काही नव्हतंच.

अकरा वर्षांपूर्वीच्या बुद्ध पौर्णिमेला मालन सगळ्यांच्या पुढे डोंगर चढली होती. चव्वेचाळीस वर्षांची बाई, अंगणवाडीत मदतनीस, दिवसभर पोरांमागे पळणारी. उतरताना दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत पाय गेला आणि कट्ट झालं. ती हसतच म्हणाली, "काहीतरी मोडलं वाटतं माझं." घरी येईपर्यंत गुडघा भोपळ्याएवढा झाला. निवृत्तींनी चाचपला आणि निकाल दिला. मुरगळलाय, चालत राहा, बसलीस की जाम होशील. पाच दिवस ती भिंतीला धरून चालली. शेवटी त्यांच्या हाताखालचा फकिरा, सुरगाण्याकडचा, म्हणाला, "दादा, आमच्याकडं भिकाबाबा हाय. हाडाचा लय जाणकार. एकदा दाखवून तर बघा."

रविवारी जीप करून गेले. मे महिना, भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब जाळून काळी झालेली जमीन, आणि तिच्या कडेला भिकाबाबाचं घर. म्हाताऱ्याने मालनला बाजेवर बसवलं, गुडघा धरला, एक हात वर, एक खाली. ढकलून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग त्याची बायको तानुबाई मालनला पाणी द्यायला लागली, तेवढ्यात त्याने निवृत्तींना जीपपाशी नेलं.

"दादा, हाड बरा हाय," तो म्हणाला. "आतली दोरी तुटेल हाय. ते माझ्या हातचं नाय. शहरात मोठ्या डॉक्टरला दाखव, फोटो काढ. आन् तवर तिला चालवू नको."

लेप नाही, पट्टी नाही, काही नाही. माझ्या हातचं नाही म्हणाला आणि हात धुवायला गेला. चौतीस वर्षांत निवृत्ती दोंद्यांच्या तोंडून हे शब्द कधी निघाले नव्हते.

जीपमध्ये मालनने विचारलं, "काय म्हणाले?"

आता माणसाला खोटं बोलायला मोठं कारण लागतं असं नाही. दुसऱ्या दिवसापासून कारखान्याचं वार्षिक शटडाउन होतं, म्हणजे मेंटेनन्सवाल्यांना रात्रंदिवस ड्युटी. बायको अंथरुणाला लागली तर सकाळचा डबा, संजनाची शाळा, सगळं ओढायचं कुणी, हे होतंच. पण ते खरं कारण नव्हे. खरं कारण असं, की पाच दिवस ज्या तोंडाने चालत राहा म्हटलं, त्याच तोंडाने आता चालू नको कसं म्हणायचं. निवृत्ती म्हणाले, "हाड शाबूत आहे म्हणाला. चालत राहा."

अर्धं खरं होतं. अर्ध्याच्या जोरावर त्यांनी अकरा वर्षं काढली. तीन वर्षांनी मालनने अंगणवाडी सोडली, पोरं पळाली की मागे जाता येईना म्हणून. तेव्हाही निवृत्ती म्हणाले होते, "आराम कर आता." केवढा तो मोठेपणा!

वायसरचं ऑपरेशन फेब्रुवारीच्या सुरुवातीला झालं. डॉक्टरांनी आठ आठवड्यांचा तक्ता दिला. उड्या नाहीत, जिना नाही, गुळगुळीत फरशी नाही. लघवीपुरतं पट्टा धरून बाहेर, आधी पाच मिनिटं, पुढे आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं. दिवसातून तीनदा बर्फाचा शेक. निवृत्तींनी तक्ता फ्रिजवर चिकटवला आणि असा पाळला की कारखान्यातली कुठलीच मशीन एवढी भाग्यवान नसेल. फरशीवर गोणपाट अंथरलं. जिन्याला पाइपचं फाटक बसवलं. कुत्र्याला वर येता येणार नाही म्हणून स्वतःची गादी खाली हॉलमध्ये आणली. टोपलीसारखी कॉलर घातलेलं ते धूड मांडीवर डोकं ठेवून पडायचं, आणि हे रुमालात बर्फ गुंडाळून शेकत बसायचे.

आणि बसल्या जागी त्यांना जिना दिसायचा. मालन धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर चालली आहे. फाटक उघडते, लावते. डावा पाय वर, मग उजवा त्याच्या शेजारी. थांबते. पुन्हा डावा. रोज असंच चालत असणार. रोज ते घरातच असणार. पण तेव्हा पेपर हातात असायचा.

"दे ती बादली इकडे," एकदा ते म्हणाले.

"अहो बसा, त्याचा शेक राहील," मालन म्हणाली.

ओट्याला दोन पायऱ्या होत्या. वायसरला त्यासुद्धा चढायच्या नव्हत्या, म्हणून निवृत्तींनी अंबडला एका जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन प्लायवूडचा रॅम्प करून आणला. वर गोणपाट ठोकलं, बाजूला हाताला पाइप लावला. दुपारी बसवला आणि आत पट्टा आणायला गेले. परत आले तर मालन रॅम्पवरून उतरत होती. पाइप धरून, सावकाश, आणि चेहऱ्यावर जत्रेत पाळण्यात बसल्यासारखं हसू. खाली पोचली, वळली आणि पुन्हा चढून आली.

"बरं पडतं हो उतरायला," ती म्हणाली. "कुत्र्याच्या निमित्ताने माझंही काम झालं."

निवृत्तींच्या हातात पट्टा तसाच राहिला. अर्ध्या दिवसाचं काम. प्लायवूड, चार खिळे, एक पाइप. अकरा वर्षांत कधीही करता आलं असतं. त्यांना इतकी लाज वाटली की ते आत गेले आणि उगाच नळ सोडून तोंड धुतलं.

दुसऱ्याच आठवड्यात ते मालनला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. संजनाने सांगितलंय, असं म्हणाले. स्वतःचं नाव घ्यायची हिंमत झाली नाही. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. डॉक्टरने गुडघा ढकलून पाहिला, एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, "दोरी कधीचीच गेलीय. गादीही संपली. हाडाला हाड लागतंय. आता दोरी बांधून उपयोग नाही. पुढेमागे सांधा बदलावा लागेल, पण आधी शुगर खाली आणा. कधी झालं हे?"

"अकरा वर्षं झाली," मालन म्हणाली.

"मग तेव्हा दाखवलं नाही कुणाला?"

"दाखवलं ना. सुरगाण्याकडे एक जाणकार होते. हाड शाबूत आहे, चालत राहा म्हणाले."

डॉक्टरने चष्म्यावरून निवृत्तींकडे बघितलं. "तुम्ही शिकलेली माणसं अशांच्या नादी लागता. तेव्हाच आला असतात तर आज पळाल्या असत्या या."

हीच वेळ होती. दरवाजा सताड उघडा होता. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. निवृत्ती दोंदे म्हणाले, "हो ना, चुकलंच," आणि फाइल काखेत मारून उठले. चूक कुणाची, ते मोघम ठेवलं.

रिक्षात मालन दोन्ही हातांनी गुडघा धरून बसली. मग म्हणाली, "वाटोळं केलं हो त्या भिकाबाबाने माझ्या पायाचं." आयुष्यात कुणाला वाकडा शब्द न बोललेली बाई. त्या दिवसापासून तिला एक नावच सापडलं. जिना चढताना कळ आली की भिकाबाबा. शेजारच्या लताबाईंशी बोलताना भिकाबाबा. फकिराचा फोन आला तेव्हाही तिने आतून ऐकवलं, "सांगा त्याला, तुझ्या भिकाबाबाने काय दिवे लावले ते." निवृत्तींनी फोन घेऊन ओट्यावर जाऊन भिकाबाबाचं विचारलं तेव्हा फकिरा म्हणाला, म्हातारा चार वर्षांपूर्वीच गेला. सगळा गाव मातीला होता. कुणाला फसवलं नाही कधी, जमत नसलं की सरळ नाय म्हणायचा. निवृत्ती बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

एप्रिलच्या सुरुवातीला वायसरचा फोटो काढला. डॉक्टर मोहिनींनी संगणकावर दाखवला. प्लेट, स्क्रू आणि भरून आलेलं हाड. "काका, दहापैकी दहा," त्या म्हणाल्या. "इतका काटेकोर आराम फार कमी लोक देतात. आता पायऱ्या थोड्या थोड्या, एक महिन्याने पूर्ण मोकळा." मालनने टाळी वाजवली. घरी आल्यावर तिने वायसरसाठी मुद्दाम तूप घालून भाकरी कुस्करली आणि ओट्याखाली अंगणात त्याच्या पुढ्यात ठेवली. वाकता येत नव्हतं म्हणून एका हाताने ओट्याचा खांब धरून, उजवा पाय लांब करून ठेवली.

"खा बाबा," ती म्हणाली. "तुझं नशीब थोर. तुला भिकाबाबा नाही भेटला."

निवृत्ती समोरच खुर्चीत होते. त्या क्षणी त्यांना वाटलं, आता बोललो नाही तर आपण माणूसच नाही.

"मालन, तो तसं नव्हता म्हणाला."

"कोण?"

"भिकाबाबा. हाड शाबूत आहे म्हणाला, पण पुढे म्हणाला, आतली दोरी तुटलीय. शहरात नेऊन फोटो काढ म्हणाला. चालवू नको म्हणाला. जीपपाशी सांगितलं मला. मी तुला सांगितलं नाही."

वायसर भाकरी खात होता. त्याच्या जिभेचा आवाज तेवढा येत होता. मालन खांब धरून उभीच राहिली.

"का?" तिने विचारलं.

"मी आधी चालत राहा म्हटलं होतं ना. मग उलट कसं म्हणायचं, म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच."

यावर ती ओरडली असती, रडली असती, ताटली फेकली असती तर निवृत्तींनी ते सोसलं असतं. खरं तर त्याचीच तयारी करून ते बोलले होते. बोलल्यावर त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलंही होतं, खोटं कशाला सांगा. पण मालन सावकाश खाली बसली, रॅम्पच्या काठावर, आणि साडीच्या पदराने गुडघा झाकून घेतला.

"मला सांगायला नको होतं तुम्ही," ती म्हणाली.

"मालन, मी…"

"नाही, ऐका. इतकी वर्षं मला वाटायचं, माझाच पाय वाकडा पडला, नशिबात होतं. बरं चाललं होतं माझं. नंतर भिकाबाबाला शिव्या दिल्या, तेही बरं होतं. तो कुठं मला दिसणार होता? त्याच्यावर राग धरून मला काही करायचं नव्हतं." तिने गुडघ्यावरचा पदर पुन्हा सारखा केला. "मला तुम्हाला रोज ताट वाढायचंय."

निवृत्ती खुर्चीतून उठले, पण उठून करायचं काय, ते कळेना. म्हणून ते तसेच उभे राहिले.

"तुमचं झालं मोकळं," मालन म्हणाली. "आता हे घेऊन मी कुठं जाऊ?"

आत कुकरची शिट्टी झाली, तेव्हा ती उठली. रॅम्प बाजूलाच होता, पाइप हाताशी होता. ती दोन्ही पायऱ्या चढून घरात गेली. डावा पाय, मग उजवा, थांबून.

त्या दिवशीही तिने ताट वाढलं. दुसऱ्या दिवशीही. भाजीत मीठ बरोबर असायचं, भाकरी गरम असायची. भिकाबाबाचं नाव घरात पुन्हा निघालं नाही, आणि नवऱ्याचं नावही कुणापाशी निघालं नाही. संजनाला तिने काही सांगितलं नाही. निवृत्ती बादली घ्यायला गेले की बादली द्यायची. त्यांनी गच्चीवर कपडे वाळत घातले तर बघायची आणि काही म्हणायची नाही. पूर्वी जेवताना ती कॉलनीतल्या चार गोष्टी सांगायची, त्या बंद झाल्या. निवृत्तींना मशीन दुरुस्त करता येतं, आवाज करणारं असेल तर. हे न आवाज करणारं होतं.

बुद्ध पौर्णिमेला तिघं पहाटेच त्रिरश्मीला गेले. वायसर महिन्याभराने पूर्ण मोकळा झाला होता, आणि वरच्या फाटकापर्यंत त्याला नेता येत होतं. मालनने पांढरी साडी नेसली होती. खालच्या विहारात तिने वंदना केली, मेणबत्ती लावली आणि नेहमीच्या कट्ट्यावर येऊन बसली. कॉलनीतल्या बायकांनी आपल्या पिशव्या तिच्यापाशी ठेवल्या.

"मी नाही जात वर," निवृत्ती म्हणाले. "बसतो तुझ्यापाशी."

"जा," मालन म्हणाली. "त्याचा पाय बरा केलाय ना तुम्ही. दाखवा जाऊन."

शब्दांत विष नव्हतं. तेच वाईट होतं. निवृत्तींनी पट्टा धरला आणि पायऱ्या चढायला लागले. वायसर चारही पाय टेकवत चढत होता. मागच्या डाव्या पायात जरासुद्धा कसर नव्हती. येणारे जाणारे ओळखीचे थांबून म्हणत होते, जय भीम, वा दोंदेदादा, कुत्रं अगदी नवं केलंत की.

ज्या दोन पायऱ्यांमध्ये फट होती, तिथे आता सिमेंट भरलेलं आहे. निवृत्ती तिथे थांबले. दरवर्षी ते इथेच थांबून मागे वळायचे, आणि खालून मालन हात करायची. मग तेही हात करायचे आणि पुढे निघायचे. आज ते वळले आणि हात वर केला.

मालन कट्ट्यावरच होती. पिशव्या शेजारी ओळीने ठेवलेल्या होत्या. फक्त या वेळी ती डोंगराकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसली होती. निवृत्तींचा हात बराच वेळ तसाच वर राहिला. मग वायसरने पट्ट्याला ओढ दिली. त्याला वर जायचं होतं.